छापलेल्या धातूला पास कोण करणार? घड्याळ, विमान, रॉकेट आणि थ्रीडी प्रिंटिंगमधला क्वालिटीचा प्रश्न

सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलने आयफोन एअर आणला तेव्हा सगळी चर्चा तो किती पातळ आहे यावरच झाली. त्याच्या चार्जिंग पोर्टकडे फार कुणी पाहिलं नाही. तो यूएसबी-सी पोर्ट टायटॅनियमचा आहे आणि तो थ्रीडी प्रिंट केलेला आहे. त्याच महिन्यात आलेल्या ॲपल वॉच अल्ट्रा ३ ची आणि सिरीज ११ च्या टायटॅनियम मॉडेलची केसही प्रिंटरमधूनच निघते. ओप्पोच्या फाइंड एन५ या फोल्डिंग फोनच्या बिजागरीतही प्रिंट केलेलं टायटॅनियम आहे.

थ्रीडी प्रिंटिंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर प्लास्टिकची खेळणी आणि यूट्यूबवरचे टाइमलॅप्स येतात. धातूचं प्रिंटिंग मात्र बरीच वर्षं रॉकेट, विमानाचं इंजिन आणि हाडांचे इम्प्लांट अशा महागड्या, थोड्या संख्येच्या कामांपुरतं होतं. आता ते लाखोंच्या संख्येने विकल्या जाणाऱ्या गॅजेटमध्ये आलंय. लेसरने धातूची पावडर वितळवायची पद्धत काही नवी नाही, तिला पंचवीसेक वर्षं झाली. मग आत्ताच काय बदललं? माझ्या मते, "आमचा प्रत्येक पीस आतून सारखाच आहे" असं छातीठोकपणे सांगण्याची हिंमत काही कंपन्यांकडे आली. ती कुठून आली आणि कितपत खरी आहे, ते बघू.

प्रिंटरच्या आत काय चालतं

घड्याळाच्या केससाठी वापरतात त्या पद्धतीला पावडर बेड फ्यूजन म्हणतात. एका बंद चेंबरमध्ये धातूच्या बारीक पावडरचा पातळ थर पसरतात. वरून लेसर फिरतो आणि जिथे धातू हवाय तेवढीच पावडर वितळवतो. मग प्लेट थोडी खाली जाते, पट्टी पुन्हा पावडर पसरवते, पुन्हा लेसर. ॲपलने दिलेल्या माहितीनुसार पावडरचा कण सुमारे ५० मायक्रॉनचा, थर ६० मायक्रॉनचा (आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो), एका मशीनमध्ये ६ लेसर आणि एका केससाठी ९०० हून जास्त थर. ९०० गुणिले ६० करा, ५४ मिलिमीटर होतात. म्हणजे घड्याळाची केस उभी छापत असणार.

फायदा सरळ आहे. पूर्वी टायटॅनियमचा ठोकळा घेऊन त्यातून केस कोरून काढायचे आणि बराचसा धातू चुऱ्यात जायचा. आता कच्चा माल जवळपास निम्मा लागतो, आणि एका वर्षात ४०० टनांपेक्षा जास्त टायटॅनियम वाचल्याचा ॲपलचा दावा आहे.

पण कोरून काढण्यात एक मोठी सोय होती आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. भोसरी किंवा चाकणच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये बार येतो तो टेस्ट सर्टिफिकेटसह. त्यात हीट नंबर असतो, रासायनिक घटक आणि ताकदीचे आकडे असतात. धातू आधीच कुणीतरी तपासून पास केलेला असतो. तुम्ही फक्त आकार द्यायचा आणि व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर लावून माप बघायचं. माप बसलं की पीस ओके.

प्रिंटिंगमध्ये ही सोय नाही. कारण इथे आकार आणि धातू एकाच वेळी तयार होतात. पावडर चांगली असली तरी ती वितळून, गोठून जो धातू बनतो तो त्या मशीनमध्ये, त्या दिवशी, प्लेटच्या त्या कोपऱ्यात बनलेला असतो. मायक्रोमीटर सांगेल की माप बरोबर आहे. आत काय आहे ते मायक्रोमीटरला कळत नाही.

१९ वेल्ड गेले, अख्खा पार्टच वेल्ड झाला

हे नीट समजायला इस्रोचं उदाहरण उत्तम आहे. ९ मे २०२४ रोजी तमिळनाडूतल्या महेंद्रगिरी इथे इस्रोने पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं पीएस४ इंजिन ६६५ सेकंद पेटवून यशस्वी चाचणी घेतली. हे इंजिन विप्रो थ्रीडीने लेसर पावडर बेड पद्धतीने छापलं होतं. पूर्वी त्यात १४ पार्ट जोडावे लागायचे, आता एकच. १९ वेल्ड गायब. पूर्वी ५६५ किलो फोर्जिंग आणि पत्रे लागायचे, आता एका इंजिनाला १३.७ किलो पावडर. वेळ ६० टक्क्यांनी कमी.

बातम्यांत "१९ वेल्ड गेले" हे कौतुकाने छापून आलं आणि ते खरंही आहे. वेल्ड हा नेहमीच कमकुवत दुवा मानला जातो. पण दुसऱ्या बाजूने विचार करा. लेसरने पावडर वितळवणं म्हणजे तरी काय? अतिशय बारीक वेल्डिंगच. पूर्वी १९ वेल्ड होते, प्रत्येक कुठे आहे ते माहीत होतं आणि एकेकाचा एक्स-रे काढता येत होता. आता संपूर्ण पार्टच वेल्ड आहे.

किती वेल्ड? एक साधा हिशोब करू. १० सेंटिमीटरचा भरीव ठोकळा छापायचा आहे. थर ६० मायक्रॉनचा धरला तर सुमारे १,६६७ थर होतात. लेसरच्या दोन रेघांमधलं अंतर ०.१ मिलिमीटर धरलं तर प्रत्येक थरात १,००० रेघा, प्रत्येक १० सेंटिमीटरची, म्हणजे १०० मीटर. एकूण १६७ किलोमीटर. मुंबईहून पुण्याला जाऊन वर थोडं पुढे गेल्यासारखं. आणि हे सगळं एका तांब्याएवढ्या वस्तूत! सेकंदाला १ मीटर वेगाने एकच लेसर फिरला तर जवळपास ४६ तास न थांबता वेल्डिंग. या १६७ किलोमीटरमध्ये लेसर कुठे क्षणभर अडखळला, कुठे धुराने झाकला गेला, तर तिथे दोष राहतो आणि पुढचा थर त्याला झाकून टाकतो.

भोकं दोन प्रकारची

सगळ्यात जास्त चर्चा होते ती आतल्या भोकांची. कोल्हापूरच्या फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही ब्लो होल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. प्रिंटिंगमध्येही भोकं पडतात, फक्त ती मायक्रॉनमध्ये असतात आणि त्यांच्यामागची कारणं एकमेकांच्या उलट असू शकतात.

उष्णता कमी पडली तर खालचा थर आणि वरचा थर नीट एकजीव होत नाही. मध्ये चपटी, वाकडीतिकडी, टोकदार फट राहते. कधी कधी तिच्या आत न वितळलेली पावडरही सापडते. उलट उष्णता जास्त झाली तर धातूची नुसती वाफच होते. वाफेचा दाब वितळलेल्या धातूत खोल खळगा पाडतो. त्याला कीहोल म्हणतात. तो खळगा डळमळून खालून मिटला की तळाशी गोल बुडबुडा अडकतो. म्हणजे कमी झालं तरी भोक, जास्त झालं तरी भोक.

बरीच वर्षं समज असा होता की कीहोल टाळलं की काम झालं. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक संशोधन आलं. अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेत अतिवेगवान एक्स-रे वापरून वितळणाऱ्या धातूच्या आतलं चित्रण केलं होतं. त्यात दिसलं की नेहमीच्या वापरातल्या जवळपास सगळ्याच सेटिंगमध्ये कीहोल तयार होतंच. प्रश्न ते असण्याचा नाही, ते स्थिर राहतं की डळमळतं याचा आहे. ऐकायला बारीक फरक वाटतो, पण कारखान्यात सेटिंग ठरवणाऱ्या माणसासाठी खेळच बदलतो.

यातलं कोणतं भोक जास्त वाईट? टोकदार फट, शंभर टक्के. लोखंडी तार हाताने वाकवत राहिलं की ती तुटते, हे सगळ्यांनी करून पाहिलंय. धातूवर पुन्हा पुन्हा ताण आला की सूक्ष्म चीर पडते आणि वाढत जाते. इंजिनियर त्याला फटीग म्हणतात. टोकदार फट म्हणजे आयती तयार असलेली चीर. ती पृष्ठभागाजवळ असेल तर आणखी वाईट, कारण फटीगची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

म्हणूनच कंपन्यांच्या ब्रोशरमध्ये "९९.९% डेन्सिटी" असं लिहिलेलं दिसलं की मला फारसं कौतुक वाटत नाही. आपल्या १० सेंटिमीटरच्या ठोकळ्याचं आकारमान १ लिटर आहे. त्याचा ०.१% म्हणजे १ घन सेंटिमीटर पोकळी. ही पोकळी ५० मायक्रॉनच्या सुमारे दीड कोटी गोल बुडबुड्यांत विखुरलेली असू शकते, किंवा एकाच जागी, एका थरात पसरलेल्या मोठ्या फटीत असू शकते. दोन्हीकडे आकडा ९९.९ च येतो. पहिला ठोकळा कदाचित वर्षानुवर्षं चालेल. दुसरा कधी सोडेल ते सांगता येत नाही.

पावडरचं प्रकरण आणि इंडिगोची उभी विमानं

आता मशीनच्या आधीची पायरी, पावडर. इथे एक खरी, महागडी घटना सांगतो. ती थ्रीडी प्रिंटिंगची नाही हे आधीच स्पष्ट करतो, पण पावडरचीच आहे.

इंडिगोच्या ए३२०निओ कुटुंबातल्या विमानांना दोन प्रकारची इंजिनं आहेत. त्यातलं एक सीएफएमचं लीप. त्याच्या प्रत्येक इंजिनात १८-१९ इंधन नॉझल असतात आणि त्यांचा टोकाचा भाग थ्रीडी प्रिंट केलेला असतो. पूर्वी २० तुकडे जोडून बनायचा, आता एकच, आणि वजनाला २५ टक्के हलका. जीई कंपनीने २०२१ पर्यंत अशी १ लाख नॉझल पाठवली होती. तुम्ही गेल्या काही वर्षांत विमानाने गेला असाल तर छापलेल्या धातूच्या भरवशावर प्रवास केला असण्याची शक्यता चांगलीच आहे.

दुसरं इंजिन प्रॅट अँड व्हिटनीचं जीटीएफ. त्यातल्या टर्बाइनच्या काही डिस्क धातूची पावडर उष्णतेत दाबून, मग ठोकून बनवतात. जुलै २०२३ मध्ये मूळ कंपनी आरटीएक्सने जाहीर केलं की २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत वापरलेल्या पावडरमध्ये दूषित कण असू शकतात आणि त्यामुळे डिस्कला वेळेआधी चिरा जाऊ शकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये आकडा आला, २०२३ ते २०२६ दरम्यान आधीच्या अंदाजापेक्षा आणखी ६०० ते ७०० इंजिनं विमानांवरून काढून तपासावी लागणार. २०२४ च्या सुरुवातीला एकट्या इंडिगोची ७० हून जास्त विमानं जमिनीवर उभी होती.

हे कण डोळ्यांना दिसत नाहीत. पावडर बनवणाऱ्या ठिकाणी एक सूक्ष्म गोष्ट निसटली आणि ती सापडेपर्यंत त्याच पावडरचे पार्ट जगभर उडत होते. प्रिंटिंगमध्ये तर पावडरचा आणखी एक ताप आहे. एका जॉबमध्ये जी पावडर वितळत नाही ती चाळून पुन्हा वापरतात, नाहीतर खर्च परवडणारच नाही. टायटॅनियम मात्र तापलं की ऑक्सिजन शोषतं. प्रत्येक फेरीत ऑक्सिजन थोडा वाढतो. ग्रेड ५ टायटॅनियममध्ये तो ०.२० टक्क्यांपर्यंत चालतो, शरीरात बसवायच्या शुद्ध ग्रेडमध्ये फक्त ०.१३. त्यापलीकडे धातू कडक होतो पण ठिसूळही होतो. त्यात बारीक टायटॅनियम पावडर पेटू शकते, स्फोटही होऊ शकतो, त्यामुळे ऑक्सिजन सांभाळणं हा सुरक्षेचाही भाग आहे. चांगल्या कारखान्यात पावडरच्या प्रत्येक डब्याची वही असते, कुठली बॅच, कितव्यांदा वापरली, कशात मिसळली. ही वही कंटाळवाणी आहे आणि माझ्या मते लेसरइतकीच महत्त्वाची आहे.

माल वेगळाच निघाला तर काय होतं याचं ताजं उदाहरण ब्रिटनमधलं. १८ मार्च २०२५ रोजी ग्लॉस्टरशायर विमानतळावर उतरताना एका छोट्या विमानाचं इंजिन बंद पडलं. पायलटला किरकोळ दुखापत झाली. इंजिनाला हवा देणारा प्लास्टिकचा एल्बो उष्णतेने मऊ होऊन बसला होता. तो थ्रीडी प्रिंट केलेला, अमेरिकेतल्या एका एअर शोमध्ये विकत घेतलेला. मालकाच्या समजुतीप्रमाणे ते प्लास्टिक १०५ अंशांपर्यंत टिकायला हवं होतं. तपास यंत्रणेने नमुने तपासले तेव्हा ते ५३-५४ अंशांच्या आसपासच मऊ होत होते. आकार बरोबर होता, बसतही नीट होता.

छापून झाल्यावर तपासता येत नाही का?

येतं, पण पूर्ण नाही. हॉस्पिटलमध्ये असतं तसं सीटी स्कॅन धातूच्या पार्टचंही करतात. अडचण रिझोल्यूशनची. स्कॅनरच्या सेन्सरवर एका ओळीत साधारण २,००० पिक्सेल धरले आणि पार्ट १० सेंटिमीटर रुंद असला तर एका पिक्सेलच्या वाट्याला ५० मायक्रॉन येतात. एखादं भोक खात्रीने दिसायला निदान ३ पिक्सेल हवेत, म्हणजे १५० मायक्रॉनपेक्षा लहान भोक निसटतं. फोनच्या पोर्टसारखी छोटी वस्तू छान स्कॅन होते. रॉकेटचं इंजिन तितकं बारकाईने नाही. शिवाय जाड धातूतून एक्स-रे आरपार जाणंच अवघड. म्हणजे जिथे धोका जास्त, तिथेच तपासणी आंधळी. हे मला या विषयातलं सगळ्यात त्रासदायक वाटतं.

दुसरा उपाय म्हणजे पार्टला गरम दाबात घालणं. त्याला हिप म्हणतात. टायटॅनियमसाठी सुमारे ९२० अंश तापमान आणि वातावरणाच्या हजारपट दाब, दोनेक तास. आतली बहुतेक भोकं दाबून मिटतात. मात्र जे भोक पृष्ठभागाला उघडं आहे ते मिटत नाही, कारण दाबणारा वायू त्याच्या आतही शिरतो. आणि भोकात आर्गॉन अडकलेला असेल तर तो कुठे जाणार? आकसतो, आणि नंतर पुन्हा गरम केल्यावर परत फुगू शकतो.

तिसरा उपाय, पार्टसोबत त्याच प्लेटवर नमुन्याच्या कांड्या छापायच्या आणि त्या तोडून बघायच्या. उपयोगी आहे, पण कांडी एका कोपऱ्यात आणि पार्ट दुसऱ्या कोपऱ्यात असतो. चेंबरमध्ये आर्गॉनचा झोत एका बाजूने वाहतो आणि उडालेल्या ठिणग्या दुसऱ्या बाजूला नेऊन टाकतो. कोपरा बदलला की धातू थोडा बदलतो.

मग छापतानाच बघा

म्हणून सगळ्यांची नजर आता लाइव्ह तपासणीवर आहे. प्रत्येक थराचा फोटो काढून पावडर नीट पसरली का, पट्टीने ओरखडा काढला का ते बघतात. लेसरच्या वाटेतच सेन्सर बसवून वितळलेल्या ठिपक्याचा उजेड मोजतात. काही ठिकाणी आवाजही ऐकतात. सेकंदाला ५०,००० रीडिंग धरली तर आपल्या ठोकळ्याच्या ४६ तासांत ८०० कोटींहून जास्त रीडिंग होतात. इतका डेटा माणूस बघू शकत नाही, म्हणून एआय.

२०२३ मध्ये 'सायन्स'मध्येच आलेल्या एका अभ्यासात संशोधकांनी एक्स-रे आणि थर्मल कॅमेरा एकत्र लावून मशीन लर्निंगला शिकवलं. कीहोलचा बुडबुडा नेमका कधी तयार होतोय ते मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळात आणि जवळपास शंभर टक्के अचूक ओळखता आलं. भारी काम आहे. पण ते एक्स-रेची सोय असलेल्या प्रयोगशाळेतलं, छोट्या नमुन्यावरचं. मशीन विकणाऱ्यांच्या स्लाइडवर हेच "एआय दोष पकडतो" असं एका ओळीत येतं. कॅमेऱ्याला उजेड कमी-जास्त झालेला दिसतो, भोक दिसत नाही. उजेड बदलूनही भोक नसू शकतं. भोक पडूनही पुढचा थर वितळताना ते आपोआप भरून निघू शकतं. शिवाय एका मशीनवर शिकवलेलं मॉडेल दुसऱ्या मशीनवर तसंच चालेल याची खात्री नसते. सिग्नल हा संशय आहे, पुरावा नाही. संशय आलेल्या जागी सीटी रोखून बघायला त्याचा उपयोग मस्त होतो, पण तेवढ्यावर विमानाचा पार्ट पास करायला आज कुणी शहाणा माणूस सही करणार नाही.

तारेने थर चढवायची पद्धत

सगळं काही पावडरनेच होतं असं नाही. धातूची तार वितळवून थरावर थर चढवत नेणं ही दुसरी मोठी पद्धत, म्हणजे रोबोटच्या हातात दिलेलं एमआयजी वेल्डिंग. अमेरिकेच्या रिलेटिव्हिटी स्पेस कंपनीच्या टेरान १ रॉकेटचा मोठा भाग तारेनेच छापलेला होता. मार्च २०२३ च्या उड्डाणात ते सर्वाधिक ताणाच्या टप्प्यातून सुखरूप गेलं, कक्षेत मात्र पोचलं नाही, कारण दुसऱ्या टप्प्याने साथ दिली नाही. ॲमस्टरडॅममध्ये जुलै २०२१ मध्ये खुला झालेला १२ मीटरचा स्टीलचा पादचारी पूलही असाच बनला होता. त्यावर सेन्सर बसवून लोक चालताना पूल कसा वागतो याची नोंद ठेवली.

इथे शत्रू साचणारी उष्णता. भिंत जसजशी वर जाते तसतशी उष्णता खाली प्लेटकडे जायला वेळ लागतो. मग थर पसरट होतो, कड ओघळते आणि काही थरांनी उंचीचा हिशोब चुकतो. उपाय म्हणजे थांबणं, करंट कमी करणं, किंवा कॅमेऱ्याने थराची रुंदी मोजून आपोआप जुळवणं. आयआयटी मुंबईत प्रा. के. पी. करुणाकरन यांच्या गटाने पंधरा वर्षांपूर्वीच एक सरळ तोडगा मांडला होता. थर वेल्डिंगने चढवायचा आणि त्याच मशीनवर सीएनसीने वरून सपाट करून घ्यायचा. उंची दर वेळी पक्की, आणि वरचा मळकट थरही निघून जातो. जुन्या मशीनला वेल्डिंग जोडायची ही कल्पना, त्यामुळे खर्चही आटोक्यात.

आपल्याकडे गाडी कुठे अडते

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंगचं राष्ट्रीय धोरण आणलं. २०२५ पर्यंत जागतिक बाजारात ५ टक्के वाटा, १०० नवे स्टार्टअप, ५०० उत्पादनं, ५० स्वदेशी तंत्रज्ञानं अशी लक्ष्यं होती. चेन्नईच्या अग्निकुल कंपनीने ३० मे २०२४ रोजी एकाच तुकड्यात छापलेल्या इंजिनावर श्रीहरिकोट्याहून चाचणी रॉकेट उडवलं. म्हणजे छापता येतं, यात शंका राहिलेली नाही.

अडतं ते पास करण्यापाशी. नासाने एप्रिल २०२१ मध्ये यासाठी ६०३० क्रमांकाचं स्टँडर्ड काढलं. त्याचा गाभा असा की आधी मशीन, पावडर आणि सेटिंग यांची जोडी चाचण्यांनी सिद्ध करा आणि मग ती कुलूपबंद करा. प्रत्येक जॉबसोबत नमुने छापा आणि त्यांचे आकडे जुन्या आकड्यांशी ताडून बघा. काहीही बदललं की पात्रता पुन्हा तपासा. म्हणजे क्वालिटी तयार पार्टमध्ये शोधायची नाही, पद्धतीत बांधायची. पुण्याच्या ऑटो कंपन्यांना माल देणाऱ्यांना हे नवीन वाटणार नाही. फर्स्ट पीस मंजूर झाल्यावर न विचारता सेटिंग बदललं तर काय होतं, ते त्यांना चांगलं माहीत आहे. फरक एवढाच की छापलेल्या धातूसाठी शेकडो कांड्या तोडून स्वतःचा डेटा उभा करावा लागतो आणि तो सहसा कुणी कुणाला देत नाही. छोट्या उद्योगाने मशीन कर्ज काढून घेतलं तरी हा खर्च बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये बसवणं कठीण. माझं मत विचाराल तर सरकारने आणखी मशीनना अनुदान देण्यापेक्षा सामायिक सीटी स्कॅनर, हिप भट्ट्या आणि सगळ्यांना वापरता येईल असा मटेरियल डेटा यावर पैसा लावावा. फोटो काढायला ते तितकं देखणं दिसणार नाही, एवढंच.

मेकॅनिकल किंवा मेटलर्जीचा डिप्लोमा करणाऱ्यांसाठी इथे कामही आहे. प्रिंटर चालवणं काही महिन्यांत शिकता येतं. पावडर तपासणं, सीटीची चित्रं वाचणं, सेन्सरच्या डेटातून खरा दोष आणि खोटा इशारा वेगळा करणं, हे करणारी माणसं कमी आहेत.

पीएस४ इंजिन नियमित पीएसएलव्ही उड्डाणांत वापरायचं इस्रोने २०२४ मध्येच ठरवलं होतं. ६६५ सेकंदांची चाचणी एका इंजिनाची होती. त्याआधी चार चाचण्यांत मिळून ७४ सेकंद तेच डिझाइन तपासलं होतं. एक चांगलं इंजिन छापता येतं हे त्यातून सिद्ध झालं. दहावं, विसावं इंजिन तसंच निघतं का, ते कळायला एक आकडा लागेल: किती छापली आणि त्यातली किती भंगारात टाकली. घड्याळवाले आणि विमानवाले हा आकडा सहसा सांगत नाहीत, तो त्यांचा धंद्याचा भाग आहे. इस्रो सरकारी संस्था आहे, तिच्या पुढच्या प्रेस नोटमध्ये मी आधी तोच आकडा शोधेन.